न आलेल्यांची सरासरी

३ फेब्रुवारी

ताई,

मागच्या तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी मनातल्या मनात काय ते बोलून घे आणि मग पुढे वाच. फोन करणार होतो, पण काम आकड्यांचं आहे आणि तुला फोनवर आकडे सांगायचे म्हणजे मी पाच म्हणायचं आणि तू नऊ लिहायचं.

माझा शनिवारचा मधुमेहाचा दवाखाना तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तिथे मी एक नवीन गोष्ट सुरू केली. बाहेर बाकड्यांसमोर मोठा फळा लावला. त्यावर प्रत्येक पेशंटचं नाव आणि पुढे त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर. सातच्या आसपास असेल तर हिरव्या खडूने, वर गेली की लाल. हिरव्यात आला त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. लाल झाला त्याला मी तिथेच चार शब्द सुनावतो, सगळ्यांदेखत. कडू औषध आहे, पण लागू पडतंय बघ! माणसं जेवण सांभाळतात, चालायला जातात, आणि दर शनिवारी आल्या आल्या आधी फळ्याकडे बघतात.

आरोग्य खात्याच्या संचालक बाई येऊन बघून गेल्या. त्यांना ही पद्धत आणखी बारा दवाखान्यांत लावायची आहे. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टर, टाळ्यांवर मला सही करता येत नाही. तुमचे पेशंट देशातल्या बाकीच्या मधुमेह्यांपेक्षा खरंच बरे आहेत, हे आकड्यांत दाखवा." आता बहीण संख्याशास्त्राची प्राध्यापक असताना आकड्यांसाठी मी घर सोडून कुठे जाऊ? ती तुझी चाचणी असते ना, ती करून दे.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

काम असल्याशिवाय तुझं पत्र येत नाही हे गृहीतक मी केव्हाच सिद्ध करून ठेवलंय. त्याला चाचणीसुद्धा लागली नाही.

करून देते. पण आमची रीत समजून घे, म्हणजे नंतर कुरकुर नको. आम्ही सुरुवातीलाच तुझ्या विरुद्ध बाजूने बसतो. तुझ्या फळ्याने काही म्हणजे काही होत नाही, तुझे पेशंट देशातल्या इतर मधुमेह्यांसारखेच आहेत, असं आधी धरून चालायचं. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग विचारायचं की हे खरं असेल, तर देशभरातल्या मधुमेह्यांतून पन्नासेक जण कसेही उचलले तर त्यांची सरासरी तुझ्या पेशंटांइतकी खाली येण्याची शक्यता किती? ती शक्यता अगदीच नगण्य निघाली, तर "काही होत नाही" हे म्हणणं सोडून द्यायचं. देशाची सरासरी आणि आकड्यांची पांगापांग मी खात्याच्या मोठ्या पाहणीतून घेईन. तुझ्या पेशंटांचे आकडे तू पाठव. नावं नकोत.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, तुलाही विचारणार. हे पेशंट तू निवडलेस कसे? कोणाला घेतलंस, कोणाला सोडलंस?

आणि काकांची साखर कशी आहे? काकू फोनवर "बरंय, बरंय" एवढंच म्हणतात.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

सोबत आकडे आहेत. एकूण बावन्न पेशंट. निवडले वगैरे काही नाहीत गं, माझ्यावर एवढा संशय घेऊ नकोस. वर्षभर नियमित येणारे सगळेच्या सगळे घेतले. एकालाही गाळलं नाही, अगदी ज्यांचे आकडे मला आवडत नाहीत त्यांनाही नाही.

काकांचं म्हणशील तर ते हल्ली माझ्याकडे येत नाहीत. घरचा डॉक्टर कोणाला डॉक्टर वाटतो? दुसरीकडे दाखवत असतील. बाकी ठणठणीत आहेत. मध्ये रस्त्यात लांबून दिसले होते.

लवकर कर. बाई दोनदा विचारून गेल्या.

धाकटा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

खुर्चीत बसून वाच.

देशाची सरासरी आठ पूर्णांक चार. तुझ्या बावन्न जणांची सात पूर्णांक दोन. शून्य गृहीतक खरं असतं, तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता लाखात एकसुद्धा नाही. मी तीनदा करून पाहिलं. एकदा यंत्रावर आणि दोनदा हाताने, कारण यंत्राला तू माझा भाऊ आहेस हे माहीत नाही आणि मला आहे.

आणखी एक मजा सांगते. देशाच्या आकड्यांत केवढी पांगापांग आहे! कोणी सहावर, कोणी तेरावर. तुझे सगळे कसे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एकमेकांना चिकटून. तू माणसांना शिस्त लावलीस रे.

अहवाल माझ्या सहीने, विभागाच्या शिक्क्यासह सोबत जोडलाय. आमच्या विभागप्रमुखांना दाखवला. ते म्हणाले, "भाऊ आहे का तुमचा? वाटलंच." मी दिवसभर उगाच मान ताठ करून फिरले.

बाबा असते तर, असं मी कधी लिहीत नाही. आज लिहिते.

ताई


१५ मार्च

ताई!

बाईंनी अहवाल वाचला आणि तिथल्या तिथे होकार दिला. जूनमध्ये खात्याची मोठी बैठक आहे, तिथे मी मांडणी करायची. बारा दवाखान्यांसाठी फळ्यांची ऑर्डरसुद्धा गेली. माझ्या दवाखान्यात अहवालाचं पहिलं पान चौकटीत घालून लावलंय. "लाखात एकही नाही" हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं. पेशंट येऊन वाचतात आणि मला विचारतात, "डॉक्टर, म्हणजे आम्ही लाखात एक का?" मी हो म्हणतो. ते चूक आहे हे मला कळतं, तू ओरडू नकोस.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

परीक्षक म्हणून मला तुमच्या गावच्या कॉलेजात यावं लागलं. ऐनवेळी ठरलं, तू बाहेरगावी होतास. संध्याकाळी काकांकडे गेले.

दार काकूंनी उघडलं. काका आत पलंगावर बसले होते, एवढ्या उकाड्यात पायांत मोजे घालून. मला बघून नेहमीसारखे ओरडले, "आल्या, आकडेवाल्या बाई आल्या!" पण उठले नाहीत. मी आले आणि काका उठले नाहीत, असं कधी झालंय? खोलीत एक वास होता. आधी वाटलं, उंदीर मेलाय कुठेतरी. काकूंकडे बघितलं तर त्या खिडकी उघडायला गेल्या.

मी विचारलं, "काका, मोजे काढा बरं."

"थंडी वाजते गं."

"एप्रिलमध्ये?"

मग मी खाली बसले आणि मीच काढले. ते "नको, नको" म्हणत होते आणि काकूंनी तोंड फिरवलं होतं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. मी डॉक्टर नाही, पण मला डोळे आहेत.

ते दुसरीकडे कुठेच दाखवत नाहीत. ऑगस्टनंतर कोणत्याही डॉक्टरकडे गेलेले नाहीत. औषधही आठवण झाली तर घेतात. मी विचारलं, "धाकट्याकडे का गेला नाहीत?" तर म्हणाले, "जाऊ दे. त्याचं चांगलं चाललंय." आणि मोजे परत पायांत चढवायला लागले.

माझ्याबरोबर इस्पितळात यायला ते तयार झाले नाहीत आणि तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र हातात पडताच जा आणि त्यांना इस्पितळात ने.

आणि दुसरं. परतीच्या गाडीत बसल्यावर मला एक गोष्ट सुचली. काका तुझ्या दवाखान्यात नाव घातलेले पेशंट होते. तुझ्या बावन्नांत ते नाहीत. फळा लावला तेव्हा तुझ्याकडे एकूण पेशंट किती होते?

ताई


१४ एप्रिल

ताई,

काकांना दाखल केलंय. काळजी करू नकोस. शस्त्रक्रिया होईल, सर्जन माझ्या ओळखीचे आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सुरुवातीला त्र्याण्णव होते. पण जे येणंच सोडतात त्यांचा हिशेब मी कसा धरू? मी औषध दिलं आणि कोणी ते गटारात ओतलं, तर ते औषधाचं अपयश का? ज्यांना स्वतःच्या शरीराची पडलेली नाही त्यांच्यामुळे, जे मेहनत करतात त्यांचं यश खोटं ठरत नाही. शिवाय त्यातले कितीतरी जण बरं वाटायला लागलं म्हणूनही यायचे थांबले असतील.

तुला काकांचं वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण एका माणसावरून तू माझ्या सगळ्या कामाकडे बोट दाखवावंस? तूच सांगतेस ना, एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही म्हणून.

बैठक पावणेदोन महिन्यांवर आली आहे. कृपा करून आता घोळ घालू नकोस.

धाकटा


२० एप्रिल
इस्पितळातून

चि. आकडेवाल्या पोरीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, कारण पलंगावर आडवा होऊन लिहितोय. दोन बोटं गेली. काकूला म्हटलं, बरं झालं, आता नखं कापायचं काम कमी. ती हसली नाही.

तू त्या दिवशी मोजे काढलेस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी मी तुमचे बूट घालून द्यायचो, आणि आता तू माझ्या पायाशी बसलीस. असो.

तू विचारलंस का गेलो नाही. सांगतो, पण त्याला सांगू नकोस, शपथ आहे. ऑगस्टात माझा आकडा अकरा आला. मी काही पथ्य पाळलं नव्हतं, चूक माझीच. फळ्यावर माझं नाव लाल खडूने लिहिलं. बाकड्यांवर सगळे ओळखीचे. वीस वर्षं त्यांना बसमधून नेलं-आणलं, सगळे मला ड्रायव्हरकाका म्हणतात. तो म्हणाला, "घरचेच असे वागायला लागले तर बाहेरच्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?" कोणीतरी हसलं. त्याचं बरोबरच होतं. भाऊ गेल्यावर मी ज्याला वाढवला, त्याची मान माझ्यामुळे खाली गेली. म्हटलं, साखर उतरली की जाऊ, हिरव्या खडूने नाव लिहायला लावू. ती उतरेना. मग जायला तोंड राहिलं नाही.

तो आता रोज सकाळी येतो. चार्ट बघतो आणि निघून जातो. माझ्याकडे बघत नाही. रागावलाय बहुतेक.

काका


२५ एप्रिल

धाकट्या,

काकांनी मला काही सांगितलंय आणि तुला सांगू नको असंही सांगितलंय. म्हणून सांगत नाही. तूच जाऊन त्यांच्याजवळ बस. चार्ट बघू नकोस.

तू लिहिलंस की मी तुझ्या कामाकडे बोट दाखवते. नाही. आधी स्वतःचं सांगते.

मी तुला विचारलं होतं, कोणाला घेतलंस, कोणाला सोडलंस? तू सरळ लिहिलंस, "वर्षभर नियमित येणारे सगळे." तू काहीच लपवलं नव्हतंस. उत्तर माझ्या समोर होतं. नियमित येणारे! माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही हे वाचून हात वर केला असता. "बाई, आणि न येणारे?" म्हणून. चाचणी म्हणते, पेशंट कसेही उचललेले हवेत. तुझे उचललेले नव्हते, गाळून उरलेले होते. देशाच्या पाहणीत चांगले, वाईट, औषध सोडलेले, सगळे आहेत. ती पाहणी घरोघर जाऊन केलेली आहे. आणि मी त्यांच्याशी तुझ्या टिकून राहिलेल्यांची तुलना केली. वर्गातल्या पास झालेल्यांचीच सरासरी काढून, आमची शाळा किती हुशार, म्हणण्यासारखं आहे हे.

त्याहून वाईट सांगू? तुझे आकडे एकमेकांना इतके चिकटून का आहेत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. त्यावर माझं बोट थांबलंही होतं. खऱ्या माणसांचे आकडे असे नसतात. असे आकडे दिसले की मी परक्या माणसाला परत पाठवते, "तुमचा नमुना तपासा" म्हणून. तुझे बघितले आणि वाटलं, माझ्या भावाने सगळ्यांना एका ओळीत आणलं. मी तुला त्याबद्दल शाबासकीसुद्धा दिली. वीस वर्षं दुसऱ्यांचे अहवाल लाल पेनाने फाडत आले मी. आज वर्गात हाच धडा होता. फळ्याकडे तोंड करून शिकवला, मुलांकडे वळायला नको म्हणून.

गणित बरोबर होतं. प्रश्नच चुकीच्या माणसांना विचारला होता, आणि तो तपासायचं काम माझं होतं, तुझं नाही.

मी खात्याला पत्र लिहून अहवाल मागे घेऊ शकते. पण आधी तुझ्याकडून एक हवंय. ते राहिलेले एकेचाळीस कुठे आहेत? बरे झाले म्हणून थांबले की आणखी कशाने? तुलाही माहीत नाही, मलाही नाही. जाऊन बघ. त्यांची साखर मोजून आण, मग आपण परत चाचणी करू. कदाचित तुझंच खरं निघेल. निघालं तर मी तुझी माफी मागेन.

ताई


१८ मे

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहू कळत नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चिडून ते खणात टाकलं. मग दुसऱ्या दिवशी काकांच्या वॉर्डात गेलो. चार्ट उचलला आणि तुझं वाक्य आठवून परत ठेवला. स्टुलावर बसलो. त्यांच्या पायाचं पांघरूण नीट करायला लागलो. तर काका म्हणाले, "माफ कर रे. तुझं नाव खराब केलं मी."

ताई, माझ्या हातून त्यांची दोन बोटं गेली आणि ते माझी माफी मागत होते. मला वाटलं जमीन दुभंगावी. ऑगस्टातलं वाक्य मला आठवतच नव्हतं गं! त्यांनी आठवण करून दिली नाही, मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मी ते वाक्य म्हणालो आणि पुढच्या पेशंटकडे वळलो असेन. ते आठ महिने त्या वाक्याखाली राहिले.

मग साखर मोजायचं सामान पिशवीत घातलं आणि घरोघर जायला लागलो.

टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ आहेत. म्हणाले, "डॉक्टर, मी आलो होतो की. तीन वेळा आलो. दारातून फळा दिसतो. माझं नाव लाल आहे की नाही ते बघायचो आणि तसाच परत जायचो." निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांनी मला आत घेतलं नाही, व्हरांड्यातच उभं केलं. म्हणाल्या, "मी पोरांची नावं फळ्यावर लिहायची. त्यांना कसं वाटायचं ते सत्तराव्या वर्षी तुम्ही मला शिकवलंत. धन्यवाद. हात कुठे देऊ?" आणि बोट पुढे केलं. एक शिंपी निघाला, त्याची साखर सहा पूर्णांक नऊ! मी खूश होऊन म्हटलं, "बघा, माझ्या फळ्याचा गुण!" तो म्हणाला, "मी नाक्यावरच्या दवाखान्यात जातो हो. तिथल्या डॉक्टरीण बाई ओरडत नाहीत."

बरं वाटलं म्हणून थांबलेला एकही भेटला नाही. वेगवेगळ्या तोंडांनी सगळ्यांनी एकच सांगितलं. साखर वाढली, लाज वाटली, म्हणून आलो नाही. आलो नाही, म्हणून आणखी वाढली.

चौघे गाव सोडून गेलेत. तिघे वारले. एक अपघातात, एकाचं कारण कळलं नाही. तिसऱ्यांच्या घरी त्यांच्या बायकोने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं शांतपणे सांगितलं. मूत्रपिंडं गेली होती. मी निघताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? तुमच्या त्या फळ्यावर अजून यांचं नाव आहे का? असलं तर पुसा. त्यांना फार लागलं होतं ते."

मी पुसलं, ताई. फळाच उतरवला. तुझा अहवाल चौकटीतून काढला. पण भिंतीवर दोन्ही जागी रंग वेगळा दिसतो आणि पेशंट विचारतात, इथे काय होतं?

चौतीस जणांचे आकडे सोबत आहेत. चाचणी कर. काय येणार ते मला माहीत आहे.

धाकटा


२४ मे

प्रिय धाकट्या,

केली. तुझे आधीचे बावन्न आणि हे चौतीस, मिळून शहाऐंशी. सरासरी आठ पूर्णांक दोन. देशाची आठ पूर्णांक चार. एवढा फरक तर नुसत्या योगायोगाने शंभरात तीसेक वेळा दिसतो. शून्य गृहीतक सोडून देता येत नाही. फळ्याने काहीच होत नाही असं यातून सिद्ध झालं, असंही म्हणू नकोस. काही होतं असं दाखवता आलं नाही, एवढंच. आणि जे तिघे गेले ते यात नाहीत. त्यांचे आकडे आता कोणाला मिळणार नाहीत, म्हणजे हाही हिशेब खऱ्यापेक्षा बरा दिसतोय.

मी खात्याला लिहिलंय. "माझ्या अहवालात नमुन्याची निवड तपासण्यात माझ्याकडून गंभीर चूक झाली" असं. विभागप्रमुखांनाही दाखवलं. ते चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बैठकीला तुला जायलाच हवं असं नाही. माझं पत्र पुरेसं आहे. सगळं माझ्यावर टाकलंस तरी चालेल. मोठी आहे मी.

चाचणीत न मावणारी एक गोष्ट मात्र सांगते. माझ्या वीस वर्षांत गळालेले पेशंट शोधायला कोणी स्वतः दारोदार गेल्याचं मी पाहिलेलं नाही. आम्ही फक्त लिहितो, "उर्वरित उपलब्ध नाहीत."

ताई


१० जून

ताई,

गेलो बैठकीला. तुझ्यावर टाकून घरी बसलो असतो तर काकांसमोर जाता आलं नसतं.

मोठा हॉल, लांब टेबल. त्या बारा दवाखान्यांचे डॉक्टर समोरच बसलेले. संचालक बाईंनी तुझं पत्र वाचलेलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हा विषय आपण पुढे ढकलू शकतो. तब्येतीचं कारण सांगा." मोह झाला गं. खोटं नाही सांगत, क्षणभर खोकूनही बघितलं.

मग उभा राहिलो आणि दोन्ही निकाल वाचले, एकापाठोपाठ एक. पहिल्याला दोघातिघांनी माना डोलावल्या. दुसरा संपल्यावर त्यांनीच हातातले कागद खाली ठेवले. एका डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे तुमची पद्धत चालते की नाही?" मी म्हटलं, "ज्यांची साखर चांगली आहे ते माझ्याकडे टिकतात. ज्यांची वाईट आहे त्यांना मी हाकलतो. आणि मग जे उरतात त्यांची सरासरी काढून तुम्हाला दाखवतो." दुसरे एक जण चिडून म्हणाले, "आमच्याकडे फळे येऊन पडलेत. आता काय करू त्यांचं?" कोणीतरी हसलं. माझे कान गरम झाले. ऑगस्टात काकांना कसं झालं असेल, ते तेव्हा थोडंसं कळलं. पूर्ण नाही. मी निदान स्वतःच्या पायांनी तिथे गेलो होतो.

योजना रद्द झाली. बाई निरोप घेताना नीट बोलल्या, पण पुन्हा या म्हणाल्या नाहीत.

काका घरी आलेत. काठी घेऊन चालतात. मी रोज ड्रेसिंगला जातो. काल म्हणाले, "आता तरी बस ना जरा," मग बसलो. आमच्यात अजून नीट बोलणं होत नाही. ते विनोद करतात आणि मी उशिरा हसतो.

शनिवारच्या दवाखान्यात आता आकडा आत, दार लावून, एकट्याला सांगतो. गंमत बघ, हिरव्या खडूवाले काही जण रुसलेत. एक म्हणाले, "टाळ्या नाहीत तर मजा नाही, डॉक्टर." दोघे यायचे थांबलेसुद्धा! त्यांच्याही घरी जाऊन आलो. ज्यांना शोधून काढलं त्यातले मात्र फारसे कोणी परतलेले नाहीत. मुख्याध्यापिका येणार नाहीत, त्यांनी तसं स्पष्ट कळवलंय. मी त्यांना नाक्यावरच्या डॉक्टरीण बाईंचा पत्ता दिला.

आज एक बाई आल्या. मी घरी गेलो होतो तेव्हा त्यांनी दार पुरतं उघडलं नव्हतं, फटीतून नुसतं बोट पुढे केलं होतं, त्यामुळे चेहरा मी कितीतरी महिन्यांनी नीट बघत होतो. आत आल्या, पण बसल्या नाहीत. तपासणीचा कागद घडी करून मुठीत धरलेला. मी हात पुढे केला तरी देईनात.

म्हणाल्या, "वाईट आलीय. मागच्यापेक्षा वाईट."

मी म्हटलं, "बरं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "ओरडणार नाही?"

"नाही."

"मग बसते," म्हणाल्या, आणि बसल्या.

तुझा,
धाकटा